सेलफोनमधला 'सेल'

मध्यंतरी ऑफिसात नवीन जॉइन झालेल्या चार-पाच जणांबरोबर कँटीनमध्ये बसलो होतो. सहज विचारलं, "सेलफोन या शब्दातला 'सेल' म्हणजे काय रे?" एकजण म्हणाला, बॅटरीचा सेल. दुसरी म्हणाली, दिवाळीचा सेल! :-) सगळे इंजिनिअर, बरं का.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. मोबाईल म्हटलं की आपण सगळेच हातातल्या यंत्राकडे बघतो. पण खरी युक्ती आहे ती जमिनीच्या वाटणीत. ही युक्ती कागदावर उतरली 1947 मध्ये आणि अमेरिकेतल्या ग्राहकाला विकत मिळाली 1983 मध्ये. मधल्या 36 वर्षांची गोष्ट आजच्या विकांताला सांगतो.

सुरुवात सेंट लुईस शहरापासून. 17 जून 1946 ला बेल कंपनीने तिथे गाडीतल्या टेलिफोनची सेवा सुरू केली. गाडीतलं सामान साधारण 36 किलो, म्हणजे डिकी भरलीच. रिसीव्हर उचलायचा, ऑपरेटरला नंबर सांगायचा, तो जोडून देणार. बोलताना बटण दाबून धरायचं आणि ऐकताना सोडायचं. दोघांनी एकदम बोलून भांडायची सोयच नाही!

पण खरी अडचण वेगळीच होती. शहराच्या मधोमध एक उंच मनोरा आणि त्यावर दणदणीत ताकदीचा ट्रान्समीटर, अशी सगळी मांडणी होती. आता एका फ्रिक्वेन्सीवर, त्या मनोऱ्याच्या टप्प्यात, एका वेळी एकच संभाषण होऊ शकतं. सुरुवातीला सेंट लुईसला चॅनेल होते तीन. म्हणजे अख्ख्या शहरात एकाच वेळी तीन गाडीवाले बोलणार आणि चौथा वाट बघणार. तुम्ही म्हणाल, मग मनोऱ्याची ताकद वाढवा की! त्याने उलटंच होतं. ताकद वाढवली की तीच फ्रिक्वेन्सी आणखी लांबवर अडून बसते आणि शेजारच्या शहरालाही वापरता येत नाही.

तीस वर्षांनीसुद्धा हे दुखणं तसंच होतं. 1976 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये बेलकडे गाड्यांसाठी 12 चॅनेल होते, ग्राहक जेमतेम साडेपाचशे आणि प्रतीक्षायादीत सुमारे 3,700 जण. न्यूयॉर्कसारख्या शहरात! आपल्याकडे लँडलाइनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसलेल्या पिढीला हे ऐकून बरं वाटेल.

यावरचा उपाय मात्र कधीच लिहून ठेवलेला होता. डिसेंबर 1947 मध्ये बेल लॅब्जमधल्या डग्लस रिंग या इंजिनिअरने डब्ल्यू. रे यंग या सहकाऱ्याच्या मदतीने एक अंतर्गत टिपण लिहिलं. त्यातली कल्पना अशी: एकच मोठा मनोरा नको. शहराचे छोटे-छोटे तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात कमी ताकदीचा छोटा ट्रान्समीटर ठेवा. शेजारशेजारच्या तुकड्यांना वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी द्या. आणि पुरेसं अंतर गेलं की पहिल्या तुकड्याची फ्रिक्वेन्सी पुन्हा वापरा. हे तुकडे म्हणजेच सेल. कागदावर ते षटकोनी काढतात, अगदी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, कारण वर्तुळं शेजारी ठेवली तर मध्ये फटी राहतात. (प्रत्यक्षात इमारती आणि टेकड्या त्या षटकोनाचं पार भजं करतात, ते सोडा.)

थोडं गणित करू. शिकागोत शेवटी जी यंत्रणा उभी राहिली, तिच्या तंत्रज्ञानाला एकूण 666 चॅनेल मिळाले होते. सात सेलचा एक गट धरला तर प्रत्येक सेलच्या वाट्याला साधारण 95 चॅनेल येतात. शहरात असे 100 सेल असले तर एकाच वेळी साडेनऊ हजार संभाषणं! गिऱ्हाईक आणखी वाढलं तर? सेलची त्रिज्या निम्मी करा. तेवढ्याच जागेत चौपट सेल बसतात, म्हणजे चौपट लोक बोलतात, आणि एकही जादा फ्रिक्वेन्सी लागत नाही. प्रत्येकाने आवाज खाली आणला की जास्त लोकांना बोलता येतं. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना बाजूच्या माणसाशी बोलून बघा, म्हणजे पटेल.

मग एवढी वर्षं का गेली? दोन कारणं.

पहिलं तंत्राचं. गाडी एका सेलमधून दुसऱ्यात शिरली की चालू फोन न तोडता नव्या मनोऱ्याकडे आणि नव्या चॅनेलवर सोपवायला हवा, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. याला हँडऑफ म्हणतात. 1947 मध्ये हे करणार कोण? ट्रान्झिस्टरच मुळी त्याच महिन्यात, त्याच बेल लॅब्जमध्ये जन्माला आला! संगणकावर चालणारी बेलची पहिली मोठी एक्स्चेंज सुरू झाली 1965 मध्ये, आणि हँडऑफ घडवून आणणाऱ्या स्विचिंग यंत्रणेचं एमॉस जोएल यांचं पेटंट मंजूर झालं 1972 मध्ये.

दुसरं कारण सरकारी. फ्रिक्वेन्सी वाटणारी तिथली संस्था म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन. 1952 मध्ये त्यांनी यूएचएफ पट्टा टीव्हीला देऊन टाकला. त्यातले 70 ते 83 हे वरचे चॅनेल बहुतेक ठिकाणी ओसच पडले होते. अखेर 1970 च्या दशकात ते टीव्हीकडून काढून घेतले आणि मोबाईलला त्यातली जागा मिळाली. इकडे गाडीवाले रांगेत आणि तिकडे पट्टा रिकामा. सरकारी फाईल सगळीकडे सारखीच चालते, दुसरं काय.

3 एप्रिल 1973 ला मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून किलोभराचा हातातला फोन लावला, तो थेट बेल लॅब्जमधल्या प्रतिस्पर्ध्याला, जोएल एंगल यांना. हा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. पण विकायला सेवा यायला आणखी दहा वर्षं लागली. तोवर 1979 मध्ये टोकियो आणि 1981 मध्ये नॉर्वे-स्वीडन पुढे निघून गेले. ज्यांच्या घरी कल्पना जन्मली ते मागे! शिकागोची व्यापारी सेवा सुरू झाली 13 ऑक्टोबर 1983 ला.

आपल्याकडे 31 जुलै 1995 ला तेव्हाच्या कलकत्त्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना पहिला फोन केला. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडायचे. फोन वाजला की नंबर बघून कट करायचा आणि पीसीओ शोधायचा, हे ज्यांनी केलंय त्यांना आठवत असेल. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि गर्दी उसळली. तेवढ्या गर्दीला पुरायला सेल लहान होत गेले, म्हणजेच मनोरे वाढत गेले.

आणि इथे गाडी अडते. आमच्या सोसायटीच्या सभेत एकाच संध्याकाळी दोन तक्रारी आल्या. मागच्या विंगला रेंज नाही, आणि शेजारच्या गच्चीवरचा टॉवर हटवा. एका काकांनी तर दोन्ही अर्जांवर सही केली होती! भीती समजू शकते, तिची टिंगल करायची नाही. रेडिएशनचे नियम काटेकोर असावेत आणि ते तपासले जावेत, हेही मान्य. पण आपला फोनही ट्रान्समीटरच आहे. टॉवर जवळ असला तर तो दबक्या आवाजात बोलतो, आणि टॉवर लांब गेला की तिथवर पोचायला ताकद वाढवतो. ओरडणारा फोन असतो आपल्याच कानाशी. बॅटरी लवकर उतरते ती वेगळीच. टॉवर लांब लोटून सेल मोठा करणं म्हणजे एका अर्थी 1946 च्या सेंट लुईसकडे परत निघणं. हे सभेत सांगून बघितलं. ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला. असो.

पुढच्या वेळी गच्चीवरचा टॉवर दिसला तर त्यावरच्या उभ्या पट्ट्यांसारख्या अँटेना नीट बघा. बऱ्याचशा किंचित खाली झुकलेल्या दिसतील. कुणी ढिल्या बसवलेल्या नाहीत त्या. आपल्या लहरी आपल्याच सेलमध्ये राहाव्यात आणि पलीकडच्या वस्तीला तीच फ्रिक्वेन्सी वापरता यावी, म्हणून मुद्दाम तशा लावलेल्या असतात.