काजळ ते कार्ट्रिज

मंडळी, या वीकएंडचा विषय आहे शाई! आणि तीसुद्धा काळी.

आमच्या निलंग्याकडे कित्येक घरांत आजी-आजोबांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो एकच असतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा भागातली दगडमातीची घरं बसली, हजारो माणसं गेली, आणि त्यांच्याबरोबर भिंतीवरचे फोटोही. जो वाचला तो बहुधा पाहुण्यांकडे पाठवलेला. आता नातवंडं तो स्कॅन करून घरच्या इंकजेटवर छापतात. कंपनीची शाई महाग, म्हणून बाहेरची बाटली आणतात. मग वर्ष-दोन वर्षांत आजोबा हिरवट नाहीतर जांभळट दिसायला लागतात!

असं का होतं? त्यासाठी जरा मागे जाऊ या.

आपली जुनी शाई म्हणजे काजळ, डिंक आणि पाणी. रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिलाय, त्यात बोरूही आहे आणि मसीही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही वाचता येतात, कारण काजळ म्हणजे कार्बन. उन्हाने, हवेने तो सहसा बदलत नाही. या शाईला भीती असते ती पाण्याची.

इंकजेटची सुरुवात मात्र वेगळ्या शाईने झाली. १९९१ साली गायक ग्रॅहम नॅश यांनी कॅलिफोर्नियात ‘नॅश एडिशन्स’ काढली. तिथे आयरिस प्रिंटरवर गॅलरीत लावण्याजोगे प्रिंट निघू लागले, पण शाई होती डायची. डाय पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळतो. उजेड आणि हवेतला ओझोन त्याचे रेणू तोडतात, की रंग उडाला.

दुसरी भानगड राखाडीची. साध्या प्रिंटरकडे काळी शाई एकच. फिकट राखाडीसाठी तो निळा, किरमिजी आणि पिवळा एकत्र करतो. तिघांतला एक आधी उडाला की तोल गेला. आजोबा हिरवे होतात ते यामुळे.

ही अडचण बाहेरच्या शाईवाल्यांनी हेरली. अमेरिकेत व्हरमाँटच्या जॉन कोन यांनी २००० साली ‘पिझोग्राफी’ आणली. रंगीत कार्ट्रिज काढायची आणि त्या जागी काळ्याच शाईच्या कमी-जास्त गडद छटा भरायच्या. कुठल्या छटेचे किती थेंब टाकायचे ते सॉफ्टवेअर ठरवणार. रॉय हॅरिंग्टन यांचं ‘क्वाडटोनरिप’ असंच काम करतं. २००५ मध्ये एप्सननेही ‘अल्ट्राक्रोम के३’ संचात तीन पातळ्यांचं काळं दिलं. म्हणजे कंपनीसुद्धा त्याच वाटेवर आली.

तर आपण काय बघायचं? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, आधी रिक्वायरमेंट, मग व्हेंडर. फोटो टिकायला हवा असेल तर बाटलीत कार्बन पिग्मेंट आहे का ते विचारा. दुकानदार ‘ओरिजिनलसारखीच आहे’ म्हणाला तर ते उत्तर नव्हे. निव्वळ कार्बनचा प्रिंट जरा तपकिरी येतो. तो तटस्थ दिसावा म्हणून काही शायांत निळसर पिग्मेंट घालतात, पण ते कार्बनच्या आधी फिकटतं. जुन्या फोटोला तपकिरी झाक शोभते, त्यामुळे माझं मत निव्वळ कार्बनला.

मॅट आणि ग्लॉसी कागदाचं काळं वेगळं असतं, तेही विचारून घ्या. डायवर बनवलेल्या प्रिंटरमध्ये पिग्मेंट तसंच ओतू नका, नोझल तुंबतं. आणि घरी पाणी घालून शाई पातळ करायची नाही. पिग्मेंटचे कण विरघळलेले नसतात, तरंगत असतात. पाण्याने ते तळाला बसतात.

शेवटी एक सोपी टेस्ट. एक प्रिंट काढा, अर्धा पुठ्ठ्याने झाका आणि उन्हाच्या खिडकीत दोन महिने ठेवा. मग पुठ्ठा काढून दोन्ही भाग उजेडात शेजारी-शेजारी बघा. सारखे दिसले तर आजोबांचा फोटो त्या शाईत छापायला हरकत नाही. आणि हो, स्कॅनची फाईल दोन वेगळ्या गावांत ठेवा. किल्लारीने एवढं तरी शिकवलंय.