झाकली मूठ

२००१ च्या सप्टेंबरात मी चंद्रपूरला इतिहास शिकवीत होतो. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरी युनोची वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली होती. आपले कार्यकर्ते मोठ्या संख्येने तिथे गेले होते आणि जातीचा प्रश्न जगासमोर मांडू पाहत होते. भारत सरकारच्या वतीने परराष्ट्र राज्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी सांगितले की जात हा या परिषदेचा विषयच होऊ शकत नाही. बातमी वर्गात निघाली. मागच्या बाकावरच्या एका गोंड मुलाने विचारले, "सर, घटनेने अस्पृश्यता बंद केली ना? मग तिचे नाव घेतले तर सरकार एवढे का बिचकते?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर अपुरे होते, हे मला तेव्हाच कळत होते.

उत्तर शोधायचे तर १९४६ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेने तिथल्या हिंदी लोकांच्या जमीनधारणेवर आणि राहत्या जागेवर निर्बंध घालणारा कायदा केला. हिंदुस्थान सरकारने त्या देशाशी व्यापार तोडला आणि तक्रार थेट युनोत नेली. स्मट्स यांचे सरकार म्हणाले, ही आमची अंतर्गत बाब आहे, युनोच्या सनदेप्रमाणे तुम्हाला तीत हात घालता येत नाही. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने हा बचाव मोडून काढला. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न कोणत्याही देशाची खाजगी बाब नसतो, ही भूमिका तेव्हा आपली होती. ८ डिसेंबर १९४६ रोजी ठराव मंजूर झाला. बाजूने ३२ मते, विरुद्ध १५. नव्याने उभ्या राहणाऱ्या देशाचा हा मोठा नैतिक विजय होता, आणि तो नाकारण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

पण त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेतील निग्रो विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहीत होते. अमेरिकन निग्रोंनी युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांनीही तसाच अर्ज करावा असा विचार त्यांच्या मनात होता. म्हणजे न्यूयॉर्कचे जे दार सरकार डर्बनच्या हिंदी व्यापाऱ्यासाठी ठोठावीत होते, तेच दार महारवाड्यासाठी ठोठावता येईल काय, हे बाबासाहेब तपासून पाहत होते.

पुढची गोष्ट एका शब्दाची आहे. १९६५ साली युनोने वंशभेद निर्मूलनाचा करार मंजूर केला. वंश, वर्ण, राष्ट्रीय वा वांशिक मूळ यांच्या जोडीला त्याच्या व्याख्येत 'डिसेंट', म्हणजे जन्माने येणारे कुळ, हा शब्द आहे. तो घालण्याची सूचना कोणाची होती? भारताची. १९६८ साली भारताने करारावर मान्यतेची मोहोर उमटवली. आणि १९९६ मध्ये या कराराखालच्या समितीसमोर भारतानेच सांगितले की या शब्दाचा अर्थ वंशापुरता आहे, जातीशी त्याचा संबंध नाही. समितीला ते पटले नाही. २००२ मध्ये तिने स्पष्ट सूत्र काढले की जन्मावर आधारलेला भेदभाव, जातीसह, या करारात येतो. त्याआधीच डर्बनच्या अंतिम जाहीरनाम्यातून मात्र जात गळाली होती.

इथे आपल्यातलेच काही मित्र एक आक्षेप घेतात, आणि तो टाळून चालणार नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे तर बाबासाहेबांनीच सांगितले! खरे आहे. ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे आहेत ही कल्पना त्यांनी खोडून काढली, आणि डर्बनच्या वेळी या मताचा आधार घेणारे पंडित दिल्लीत पुष्कळ निघाले. पण बाबासाहेबांनी वंश नाकारला तो जातीला निसर्गाचा आधार मिळू नये म्हणून. त्यांच्या वाक्यात जात उघडी पडते. सरकारच्या तोंडी तेच वाक्य आले की जात झाकली जाते. शिवाय करारातला मुद्दा जन्माचा होता, वंशाचा नव्हताच.

२७ डिसेंबर २००६ रोजी दिल्लीत पंतप्रधान मनमोहन सिंग म्हणाले की अस्पृश्यतेला तुलना फक्त वर्णद्वेषाशी, अपार्थाइडशी होऊ शकते. आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीला तेव्हा तीन महिने होत होते. दोनच महिन्यांनी जिनीव्हात भारताचे शिष्टमंडळ पुन्हा जुन्याच जागी जाऊन उभे राहिले. घरात कबुली आणि बाहेर इन्कार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच.

आदिवासींच्या बाबतीत तऱ्हा थोडी वेगळी. २००७ मध्ये मूलनिवासी लोकांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने मत दिले, पण सोबत सांगितले की स्वातंत्र्याच्या वेळची सगळीच जनता इथली मूलनिवासी आहे. सगळेच मूलनिवासी, तेव्हा भामरागडच्या माडिया गोंडाचे वेगळे काय म्हणणे? त्या मुलाचा प्रश्न मला तेव्हा पुन्हा आठवला.

गडचिरोलीने हा सगळा व्यवहार अगदी जवळून पाहिला आहे. ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना जन्मठेप दिली. शरीर नव्वद टक्के अपंग, चाकाच्या खुर्चीतला माणूस. २०१८ च्या जूनमध्ये युनोच्या तज्ज्ञांनी प्रकृतीच्या कारणास्तव त्यांच्या सुटकेची मागणी केली. सुटका झाली नाही. २०२१ मध्ये फादर स्टॅन स्वामी कोठडीत असतानाच वारले, जगभरातून चिंता व्यक्त झाली, तेव्हा परराष्ट्र खात्याने उत्तर दिले: आमच्याकडे स्वतंत्र न्यायव्यवस्था आहे, मानवी हक्क आयोग आहेत, स्वतंत्र वृत्तपत्रे आहेत.

न्यायव्यवस्था आहे, हे नाकारता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने साईबाबांना मुक्त केले, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल थांबवला, आणि ५ मार्च २०२४ रोजी खंडपीठाने पुन्हा निर्दोष ठरवले. त्यांच्याबरोबर शिक्षा झालेला एटापल्ली तालुक्यातला एक आदिवासी तरुण त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, कैदेत असताना मरण पावला होता. निर्दोष ठरला, तेव्हा तो नव्हता. साईबाबा १२ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले.

चार दिवसांनी १६ ऑक्टोबर होता. १९५६ साली याच तारखेला बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दीक्षाभूमीवर नेहमीप्रमाणे मी पुस्तकांच्या दुकानांतून फिरत होतो. तो मागच्या बाकावरचा मुलगा तिथे भेटला. आता तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. मी त्याला १९६५ च्या त्या शब्दाची हकीकत सांगितली. तो म्हणाला, "सर, शब्द आपणच घातला होता, हे तेव्हा वर्गात का नाही सांगितले?"

मला तेव्हा ते माहीत नव्हते.