पुनरुत्थान : अँग्लिकन श्रद्धा आणि पॅरिश-उपासना

पुनरुत्थान : येशू ख्रिस्त क्रुसावर मरण पावला व तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, आणि काळाच्या अखेरीस सर्व मृत उठवले जातील, अशी ही दुहेरी ख्रिस्ती श्रद्धा आहे. आत्म्याचे अमरत्व आणि पुनरुत्थान यांची गल्लत नेहमी होते. जीर्ण वस्त्राप्रमाणे देह टाकून आत्मा पुढे जातो, ही मराठी वाचकाच्या परिचयाची कल्पना. येथे मात्र देहासह अख्खा माणूस उठतो आणि तोही एकदाच. पुनर्जन्माशी त्याचा काही संबंध नाही. प्रस्तुत नोंद इंग्लंडचे चर्च आणि त्याच्या परंपरेतील मंडळ्या यांच्यापुरती मर्यादित आहे. या परंपरेत पुनरुत्थानाची श्रद्धा धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा प्रार्थनाग्रंथात, चर्चच्या आवारातील कबरींत आणि रविवारच्या उपासनेत अधिक स्पष्ट दिसते. म्हणून पुढील मांडणीत विधींना झुकते माप दिले आहे.

बायबलमधील आधार : जुन्या करारात मृतांच्या उठण्याचा सर्वांत स्पष्ट उल्लेख दानीएलच्या बाराव्या अध्यायात येतो. येशूच्या काळी परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी मानत नसत. नव्या करारातील सर्वांत जुनी सविस्तर लिखित साक्ष पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात असून ती क्रुसावरील मृत्यूनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आतली आहे. शुभवर्तमानांत तपशिलांचा फरक आहे. कबरेवर गेलेल्या स्त्रियांची नावे व संख्या जुळत नाहीत. मात्र रिकामी कबर प्रथम स्त्रियांनी पाहिली, यावर चारही शुभवर्तमानांचे एकमत आहे. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मजकूर सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला थांबतो. वार्ता सांगण्याची आज्ञा झालेल्या स्त्रिया भयाने पळतात आणि कोणाला काहीच सांगत नाहीत. पुढच्या बारा ओव्या नंतर जोडलेल्या आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

धर्मकलमे : निकियाचा विश्वासांगीकार (३२५ व ३८१) अँग्लिकनांनी स्वीकारला. १५५३च्या बेचाळीस कलमांत ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर एक कलम होतेच. शिवाय शेवटची चार कलमे मृतांचे पुनरुत्थान, मृतांच्या आत्म्यांची अवस्था आणि अंतिम काळ यांविषयी होती. १५६३मध्ये ही चारही गाळण्यात आली. त्यामुळे आजच्या एकोणचाळीस कलमांपैकी चौथे कलम ख्रिस्त मांस व अस्थींसह उठला असे ठासून सांगते, पण सामान्य माणसाचे मेल्यानंतर नेमके काय होते, याबद्दल कलमे जवळजवळ गप्प आहेत. ही उणीव दफनविधीने भरून काढली.

दफनविधी : ‘बुक ऑफ कॉमन प्रेयर’ हा प्रार्थनाग्रंथ प्रथम १५४९मध्ये निघाला, १५५२मध्ये तो बदलला आणि १६६२मध्ये त्याला आजचे अधिकृत रूप मिळाले. त्यातील दफनविधी चर्चच्या आवाराच्या वेशीवर सुरू होतो. पुरोहित मृतदेहाला सामोरा जातो आणि योहानाच्या शुभवर्तमानातील पुनरुत्थानविषयक वचन म्हणत पुढे चालतो. अनेक गावांत या ठिकाणी छप्पर असलेले लाकडी प्रवेशद्वार असते. त्याच्या इंग्रजी नावातील पहिले पद ‘प्रेत’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आले आहे. मृताचे डोके पश्चिमेला व पाय पूर्वेला ठेवून पुरण्याची जुनी पद्धत आहे. उठताना तोंड पूर्वेकडे असावे, हा तिचा रूढ खुलासा.

देहावर माती टाकताना म्हणायच्या वाक्यावरून मोठा वाद झाला. त्यात मृताला मातीच्या स्वाधीन करताना शाश्वत जीवनाकडे नेणाऱ्या पुनरुत्थानाची खात्रीची आशा व्यक्त केली जाते. १६६१मध्ये लंडनच्या सॅव्हॉय येथे बिशप आणि प्युरिटन पक्षाचे धर्मोपदेशक यांची परिषद भरली. प्युरिटनांचा आक्षेप सरळ होता : गावातला नामांकित दारुडा मेला तरी व्हिकरने त्याच्याबद्दल हेच म्हणायचे काय? बिशपांचे उत्तर साधारण असे, की घाईने दोषी ठरवण्यापेक्षा उदारपणे चांगल्याची आशा धरावी. तरी १६६२च्या आवृत्तीत एक सूक्ष्म बदल झाला. ‘पुनरुत्थान’ या शब्दाआधी इंग्रजीतील निश्चयदर्शक उपपद आले. आधी आशा या मृताच्या पुनरुत्थानाची आहे असे वाटे. आता ती सर्वांच्या अंतिम पुनरुत्थानाची आहे असेही वाचता येते. दोन्ही पक्षांना आपापला अर्थ घेऊ देण्याची ही रीत अस्सल अँग्लिकन होय. मराठीत उपपदच नाही. प्रार्थनाग्रंथाचे मराठी भाषांतर एकोणिसाव्या शतकातच झाले, पण इंग्लंडात गाजलेला हा भेद त्यात उतरणे शक्यच नव्हते.

उदारतेलाही मर्यादा होती. १६६२च्या सूचनेनुसार बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत आणि आत्महत्या केलेले यांच्यासाठी हा विधी वापरायचा नव्हता. १८८०च्या कायद्याने पॅरिशच्या दफनभूमीत इतर ख्रिस्ती विधींना वाव मिळाला. दहनाबद्दल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बरीच कुरबुर झाली. देह जाळला तर उठणार कसा, हा लोकांचा प्रश्न होता. १९४४मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांच्या देहाचेच दहन झाले.

ईस्टर : पुनरुत्थानाचा सण. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या, चर्चच्या कोष्टकातील पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी तो येतो. म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान. ब्रिटिश संसदेने १९२८मध्ये तो एप्रिलमधील दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी बांधून टाकणारा कायदा केला. तो आजवर अमलात आलेला नाही. ईस्टरला सकाळच्या प्रार्थनेत नेहमीच्या स्तोत्राऐवजी पौलाच्या वचनांची गुंफण म्हटली जाते. शनिवारी रात्री नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावण्याचा प्राचीन विधी सुधारणेच्या काळात बंद पडला होता, तो विसाव्या शतकात अनेक पॅरिशांत परतला. १६६२च्या ग्रंथाप्रमाणे प्रत्येक पॅरिशवासीयाने वर्षातून किमान तीनदा प्रभुभोजन घ्यावे व त्यांपैकी एक ईस्टरचे असावे. त्यामुळे ‘ईस्टरला प्रभुभोजन घेणारे’ हीच पुढे सभासदसंख्येची मोजणी ठरली. पॅरिशची वार्षिक सभा, चर्च-वॉर्डनांची निवड आणि जमाखर्च हेही ईस्टरच्या आठवड्यातच होत असे. म्हणजे ख्रिस्त उठला त्याच आठवड्यात छपराच्या दुरुस्तीचा हिशेबही निघे.

वाद : टॉमस वुल्स्टन याने येशूचे चमत्कार रूपक म्हणून वाचावेत, असे लिहिले, १७२९मध्ये धर्मनिंदेबद्दल त्याला दंड झाला. त्याच वर्षी टॉमस शेरलॉक यांनी प्रेषितांवर खोट्या साक्षीचा खटला भरल्याची कल्पना करून प्रत्युत्तर दिले. पुनरुत्थान हा साक्षीपुराव्याचा प्रश्न मानण्याची इंग्रजी सवय तेव्हापासूनची. फ्रँक मॉरिसन या टोपणनावाने एका जाहिरात व्यावसायिकाने लिहिलेले ‘हू मूव्ह्ड द स्टोन?’ (१९३०) हे लोकप्रिय पुस्तक त्याच वळणाचे आहे.

या विषयात डरॅम धर्मप्रांताचे नाव वारंवार येते. ‘द गॉस्पेल ऑफ द रेझरेक्शन’ (१८६६) लिहिणारे ब्रूक फॉस वेस्टकॉट पुढे तेथे बिशप झाले. मायकेल रॅम्झी यांनी ‘द रेझरेक्शन ऑफ क्राइस्ट’ (१९४५) डरॅमला प्राध्यापक असताना लिहिले आणि १९५२मध्ये ते त्याच गादीवर आले. १९८४मध्ये डेव्हिड जेंकिन्स यांची तेथे नेमणूक झाली. पुनरुत्थान खरे आहे, पण ते हाडांची हातचलाखी नव्हे, अशा आशयाचे त्यांचे विधान वृत्तपत्रांनी उलटे करून छापले आणि त्यांनी पुनरुत्थानच नाकारले असा समज पसरला. ६ जुलै १९८४ रोजी यॉर्क मिन्स्टरमध्ये त्यांचा अभिषेक झाला व तीन दिवसांनी त्याच इमारतीला आग लागली. आग बहुधा विजेमुळे लागली. तिला दैवी कोप म्हणणारेही निघाले. १९८६मध्ये बिशपांच्या सभागृहाने निवेदन काढून पुनरुत्थानावरील श्रद्धा दुजोऱ्यासह मांडली, मात्र रिकाम्या कबरेच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद असल्याचेही नमूद केले. २००३मध्ये डरॅमचे बिशप झालेले एन. टी. राइट यांचा ‘द रेझरेक्शन ऑफ द सन ऑफ गॉड’ हा त्याच वर्षी निघालेला जाडजूड ग्रंथ शारीरिक पुनरुत्थानाच्या बाजूचा आहे.

उपासनेचे आमंत्रण : पॅरिश म्हणजे भौगोलिक हद्द. व्हिकरकडे त्या हद्दीतील सर्वांच्या आत्मिक काळजीची जबाबदारी असते. चर्चमध्ये येणारेच नव्हे, तर न येणारेही त्यात आले. इंग्लंडात अशा पॅरिश सुमारे १२,५०० आहेत. दफनभूमी बंद झालेली नसेल तर तेथे पुरले जाण्याचा हक्क प्रत्येक रहिवाशाला आहे, त्याने आयुष्यात चर्चचा उंबरा ओलांडलेला नसला तरी. त्यामुळे अनेक इंग्रजांचा पुनरुत्थानाच्या शब्दांशी संबंध शेजाऱ्याच्या अंत्यविधीपुरताच येतो. व्हिकर मंडळी खाजगीत सांगतात, की ईस्टरच्या प्रवचनापेक्षा अंत्यविधीनंतरच्या चहाच्या कपावर अधिक माणसे जोडली जातात.

मुळात आमंत्रणाचा प्रश्न नव्हता, सक्ती होती. १५५९च्या कायद्याने रविवारी गैरहजर राहणाऱ्याला १२ पेन्स दंड असे; तो चर्च-वॉर्डन वसूल करून गरिबांसाठी वापरत. १५८१मध्ये दंड महिन्याला २० पौंडांपर्यंत गेला. त्याचा रोख मुख्यतः कॅथलिकांवर होता. १६८९च्या सहिष्णुता कायद्यानंतर सक्ती सैल झाली. ३० मार्च १८५१ रोजी झालेल्या धार्मिक जनगणनेने धक्का दिला : येऊ शकणारे सुमारे ५३ लाख लोक त्या रविवारी कोणत्याच उपासनास्थळी गेले नव्हते, असा अंदाज होरेस मान यांनी काढला. भाड्याने दिलेली बाके हे त्याचे एक कारण सांगितले गेले. बसायला जागाच विकत असेल तर गरिबाला ‘या’ म्हणण्यात अर्थ नव्हता. मोफत बाकांची चळवळ यातूनच वाढली.

त्यानंतरच्या प्रयत्नांपैकी दोन ठळक आहेत. लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये १९७७मध्ये चार्ल्स मार्नम यांनी सुरू केलेला ‘अल्फा’ अभ्यासक्रम निकी गंबेल यांनी १९९०पासून बाहेरच्यांसाठी वळवला. आधी जेवण, मग व्याख्यान, मग गप्पा, अशी त्याची रीत आहे. गंबेल पूर्वी बॅरिस्टर होते, आणि पुनरुत्थानाचे पुरावे मांडताना ते लपत नाही. मँचेस्टर धर्मप्रांतात २००४मध्ये ‘बॅक टू चर्च संडे’ सुरू झाला. प्रत्येक सभासदाने एका ओळखीच्या माणसाला एका ठराविक रविवारी बरोबर आणावे, एवढीच त्याची मागणी. आमंत्रण नाकारले जाण्यापेक्षा ते दिलेच जात नाही, हे त्यामागचे निरीक्षण होते. मार्कच्या गप्प राहिलेल्या स्त्रियांची येथे आठवण होते.

आमंत्रणाला एक कुंपण आहे. उपासनेला कोणीही बसू शकतो, पण प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असते. १९७२पासून त्रैक्य मानणाऱ्या इतर मंडळ्यांतील सभासदांनाही इंग्लंडच्या चर्चमध्ये ते घेता येते. इतरांनी कठड्याजवळ येऊन आशीर्वाद घ्यावा, अशी सोय बहुतेक पॅरिशांत असते.

चित्रकला : स्टॅन्ली स्पेन्सर यांचे ‘द रेझरेक्शन, कुकम’ (१९२४–२७) हे तैलचित्र टेट संग्रहात आहे. रुंदी सुमारे साडेपाच मीटर. त्यात शेवटचा दिवस यरुशलेमात नाही, तर चित्रकाराच्या गावातील पॅरिश चर्चच्या आवारात उजाडतो. गावकरी कबरींतून सावकाश, डुलकीतून उठावे तसे बाहेर पडतात. न्यायनिवाड्याची भीती कुठेच नाही. चित्रकाराची पत्नी हिल्डा एकाच चित्रात अनेकदा दिसते. पॅरिश आणि पुनरुत्थान यांचा संबंध इतक्या नेमकेपणाने सांगणारा अँग्लिकन ग्रंथ प्रस्तुत नोंदकाराच्या पाहण्यात नाही.

संगीत : ईस्टरच्या सर्वपरिचित इंग्रजी गीताचे जुने रूप १७०८च्या ‘लायरा डेव्हिडिका’ या संग्रहात आहे.

महाराष्ट्र : मुंबईचे सेंट टॉमस चर्च १७१८च्या नाताळात उघडले आणि १८३७मध्ये मुंबईचा धर्मप्रांत स्थापन झाला. कुलाब्याचे अफगाण चर्च (१८५८) पहिल्या अफगाण युद्धातील मृत सैनिकांचे स्मारक आहे. नीलकंठशास्त्री गोरे १८४८मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेमिया गोरे झाले व पुढे अँग्लिकन पुरोहित बनले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे झाला. तेथील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात येशूवरची निष्ठा पक्की आहे, पण चर्च सांगेल ते सर्व मुकाट मान्य करण्याची तयारी नाही. त्या पूर्णतः अँग्लिकन राहिल्या की नाही, याबद्दल मतभेद आहेत. रेव्हरंड टिळक अमेरिकन मराठी मिशनचे असल्याने या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतात.

पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९०मध्ये व्याख्यान झाले. आमंत्रितांत रानडे व लोकमान्य टिळक होते. शेवटी चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी कप नुसता हातात धरला, याची यादी वृत्तपत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले व रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. तो कार्यक्रम उपासनेचा नव्हता. पुनरुत्थानाच्या सिद्धान्तावर पुण्यात एवढी चर्चा कधी झाली नाही, जेवढी त्या चहावर झाली. त्याच आवारातील पवित्र नाम देवालय (१८८५) आणि त्याचा स्वतंत्र घंटामनोरा आजही उभे आहेत.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. महाराष्ट्रातील अँग्लिकन मंडळ्या त्यात इतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांसह विलीन झाल्या. बोलण्यात मात्र जुन्या सभासदांच्या तोंडी ‘इंग्लंडचे देऊळ’ आणि ‘पाळकसाहेब’ हे शब्द राहिले.