बावीस श्रुती आणि तीन मिनिटं

गवयाचा गळा मोठा की यंत्र मोठं? हा प्रश्न संगणकानं आणला असं आपल्याला वाटतं. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो सांगली-साताऱ्याकडे विचारला गेला होता. तीन माणसं त्याच्या मागं लागली होती. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल, साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स आणि मिरजेशी कायमचं नातं जोडलेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

जुन्या ग्रंथांतल्या बावीस श्रुती गळ्यातून निघतात आणि त्या मोजता येतात, असं देवलांचं म्हणणं. खाँसाहेबांनी सूर लावायचा, ताणलेली तार त्या सुराशी जुळवायची आणि तारेच्या लांबीवरून हिशेब मांडायचा. १९१० मध्ये देवलांचं यावरचं इंग्रजी पुस्तक आलं. विद्या सहसा घराबाहेर न देण्याच्या त्या काळात एका उस्तादानं आपला गळा असा मोजायला दिला, हे मला फार मोठं वाटतं.

पुढं जादा स्वरांची श्रुती-हार्मोनियम तयार झाली. नेहमीच्या पेटीत सप्तकाला बाराच पट्ट्या. दोन पट्ट्यांमधला सूर तिला ठाऊकच नाही. ती उणीव नवी पेटी भरून काढणार होती. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून वाद झडले, आणि पेटी काही रुळली नाही.

खाँसाहेबांनी आणखी एका यंत्राला आवाज दिला, तो म्हणजे ग्रामोफोन. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच त्यांच्या तबकड्या निघाल्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि तासाभराचा राग तीनेक मिनिटांत बसवायचा. अनेक गवयांना ही कल्पनाच सहन होत नव्हती. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीनं मुद्रित केलेली त्यांची झिंझोटीतली ठुमरी आजही रसिक ऐकतात.

पेटी हरली आणि तबकडी टिकली, असं का झालं? मी कविता लिहितो. गझलेत मात्रा मोजाव्याच लागतात, पण मात्रा जुळल्या म्हणजे शेर झाला असं नाही. पेटीनं आवाजाचे तुकडे केले. तबकडीनं एका सुरावरून दुसऱ्यावर जाणारी वाट, म्हणजे मींड, अखंड ठेवली. पुढं १९७० च्या दशकात जमैकात किंग टबीसारख्या तंत्रज्ञांनी मुद्रित गाण्यातला आवाज काढून, प्रतिध्वनी घालून ‘डब’ संगीत घडवलं. तिथं मुद्रणाचं यंत्रच वाद्य झालं. पंकनंतरच्या ब्रिटिश गायकांनी तीच वाट धरली. गळा आणि यंत्र यांचं भांडण असं अधूनमधून दोस्तीत बदलतं.

खाँसाहेब १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि उरुसात तिथं सर्व धर्मांचे गवई गातात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याला पट्ट्या नसतात. त्याची जवारी कारागीर आजही कानानंच लावतो.