परीक्षेतली मैफल : मंचप्रदर्शनाचा मागोवा

विद्यापीठाच्या संगीत विभागात परीक्षेचे दिवस आले की वेळापत्रकात एक वेगळी नोंद दिसते : मंचप्रदर्शन. त्या दिवशी प्रश्नपत्रिका नसते. गाणारी विद्यार्थिनी तानपुरे जुळवते, तबलजी आणि पेटीवाले स्वर मिळवून घेतात आणि ती एक राग मांडायला घेते. आधी विलंबित ख्याल, मग द्रुत बंदीश, वेळ उरला तर तराणा आणि शेवटी ठुमरी, नाट्यगीत किंवा अभंग. समोरच्या रांगेत अंतर्गत आणि बाहेरून आलेले परीक्षक, मागे वर्गमित्र, कधी घरचे लोक. अर्ध्या-पाऊण तासाच्या या गाण्याला गुण मिळतात आणि ते गुणपत्रिकेत संगीतशास्त्राच्या लेखी परीक्षेशेजारी छापले जातात.

आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण शिकणाऱ्याने, शिकत असतानाच, स्वतःच्या नावाने मंचावर बसावं आणि तो त्याचा हक्कच असावा, ही गोष्ट आपल्या संगीतात अगदी अलीकडची आहे. ती इथवर कशी आली हे पाहिलं, की संगीताच्या शिक्षणात कोणाला जागा मिळाली आणि कशी मिळाली याचाही उलगडा होतो.

जुन्या व्यवस्थेत शिष्याची जागा गुरूच्या मागे होती. गंडा बांधला की तालीम सुरू व्हायची, आणि मैफलीत शिष्य तानपुरा घेऊन मागे बसायचा. गुरूने खूण केली तर सूर भरायचा, एखादी तान उचलायची, गुरूचा दम सांभाळायचा. स्वतंत्र गाण्याची वेळ कधी आली हे गुरू ठरवणार. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकण्यासाठी कष्टाचा प्रवास करून ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोशींकडे पोहोचले, तो काळ हाच. या पद्धतीचं बळ मोठं होतं. मागे बसलेला शिष्य मैफल आतून ऐकायचा. दरबारात काय रंगतं, देवळातल्या उत्सवात काय चालतं, श्रोते कंटाळले की बुवा काय करतात, हे त्याला कुठल्याही पाठाशिवाय कळायचं. पण गुरूच्या मागची ती जागा मिळवायची कशी? त्यासाठी घराण्यात जन्म हवा, किंवा घर सोडून वर्षानुवर्षं सेवा करण्याची तयारी आणि मोकळीक हवी. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला तर ते दार जवळपास बंदच होतं.

या व्यवस्थेच्या शेजारी दुसरी वाट पडली ती बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली तिथे गायनशाळा सुरू केली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली होती आणि त्या लिपीत पाठ्यपुस्तकंही काढली. संस्थानाचा पैसा, वर्ग, इयत्ता, छापील चिजा असं सगळं आल्यावर परीक्षाही येणारच होती. विद्यार्थ्याला काय येतं हे आता एकट्या उस्तादाच्या मनात राहून चालणार नव्हतं. ते चारचौघांसमोर दाखवावं लागणार होतं.

त्या दाखवण्याला जाहीर रूप दिलं विष्णु दिगंबर पलुस्करांनी. कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेल्या या मुलाची दृष्टी लहानपणी फटाक्याने अधू झाली, म्हणून त्याला गाण्याकडे वळवलं आणि मिरजेला बाळकृष्णबुवांकडे ठेवलं. चरित्रकार मिरजेतला एक प्रसंग सांगतात : एका समारंभाला विष्णु दिगंबरांना आमंत्रण होतं, पण त्यांच्या गुरूंना नव्हतं, कारण बुवा पडले गवई. गवयाला समाजात मान नाही, ही सल त्यांनी आयुष्यभर जपली आणि तिच्यावर संस्था उभी केली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि गावोगाव फिरत पंजाब गाठला. वाटेत त्यांनी तिकीट लावून जाहीर गाण्याचा प्रघात पाडला. राजाच्या मर्जीवर अवलंबून असलेली मैफल त्यांनी सामान्य माणसाच्या पैशावर उभी केली. ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू झालं आणि १९०८ साली मुंबईत.

या विद्यालयात विद्यार्थ्यांचं जाहीर गाणं शिक्षणाचाच भाग होतं. वार्षिक जलशात मुलं एकेकटी गात, वृंदानेही गात. पालक, वकील, व्यापारी, सरकारी अधिकारी समोर बसत. गाणं शिकणं हे सभ्य घराला शोभणारं काम आहे, हे भाषणांनी पटलं नसतं. शिस्तीत बसलेल्या, सुरात गाणाऱ्या मुलांनी ते पटवलं. पुढे गाणं शिकवणाऱ्यांची फळी तयार करण्यासाठी विष्णु दिगंबरांनी उपदेशक वर्ग काढला. त्यातून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास असे गायक आणि शिक्षक देशभर गेले. मुंबईतली विद्यालयाची इमारत कर्जापायी १९२४ च्या सुमारास हातची गेली, पण तोवर इमारतीची गरज उरली नव्हती. विद्यालय शिष्यांच्या रूपाने पांगलं होतं. १९३१ साली विष्णु दिगंबर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षा आज महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावीही होतात, त्या याच मंडळाच्या. विशारद आणि अलंकार या वरच्या टप्प्यांवर परीक्षकांच्या खोलीतली तोंडी परीक्षा पुरेशी धरली जात नाही, मंचावर गाऊन दाखवावं लागतं. विद्यापीठातल्या मंचप्रदर्शनाचं हे सर्वांत जवळचं नातं.

दुसरी धारा विष्णु नारायण भातखंडे यांची. वकिलीचं शिक्षण घेतलेल्या भातखंड्यांना संगीत अभ्यासाचा विषय म्हणून उभं करायचं होतं. १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, पुढे दिल्ली, बनारस आणि लखनौ इथे परिषदा झाल्या. तिथे उस्ताद गात, आणि राग कोणता, त्याचे स्वर कोणते यावर पंडित वाद घालत. गाणं आणि त्याची चिकित्सा एकाच मांडवात आली. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं आणि दोन वर्षांनी मुंबईचे श्रीकृष्ण रातंजनकर तिथे प्राचार्य झाले. रातंजनकर भातखंड्यांचे विद्यार्थी, शिवाय बडोद्यात फैयाज खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतलेली. चिजांचं बारीक शास्त्र आणि मैफलीची रग या दोन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर ही त्यांच्या हाताखाली घडलेली पिढी. महाविद्यालयातून शिक्षकच निघतात, गायक निघत नाहीत, या तक्रारीला ही नावं हे उत्तर आहे.

महाराष्ट्रात याच काळात शिकवणाऱ्या संस्थांनी आपापले मंच उभे केले. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज काढला. बी. आर. देवधरांची मुंबईतली शाळा १९२५ ची. लहानग्या शिवपुत्र कोमकलीला, म्हणजे कुमार गंधर्वांना, पुढे तिथेच शिक्षण मिळालं. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्यांच्याकडे शिकलेले विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय १९३५ साली, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायले आणि पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून घरोघर पोहोचले. या संस्थांमधले उत्सव, पुण्यतिथ्या, गुरुपौर्णिमा हे शिकणाऱ्याचे पहिले मंच होते. तिथे चुकलं तर सांभाळून घेणारे होते आणि चांगलं झालं तर पाठीवर हात ठेवणारेही.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं विद्यापीठात आलं. १९४९ साली बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि मौलाबक्षांच्या शाळेचा वारसा सांगणारं संगीत महाविद्यालय त्याचा भाग बनलं. बनारस हिंदू विद्यापीठात १९५० साली संगीत महाविद्यालयाची सूत्रं ओंकारनाथ ठाकुरांकडे आली. लाहोरच्या परंपरेतला गायक आता विद्यापीठाच्या खुर्चीवर होता. १९५६ साली खैरागढला केवळ कलांसाठी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं आणि रातंजनकर तिथे कुलगुरू म्हणून गेले. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ सालचा. अशोक दा. रानडे यांच्या नेतृत्वाखाली तिथे प्रयोग आणि विचार यांची सांगड घातली गेली. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं आणि त्याने आपल्या नावातच गुरुकुल हा शब्द धरला. गुरूच्या मागे बसून मिळणारी तालीम पदवीच्या चौकटीत आणण्याचा हा सरळ प्रयत्न होता.

या वाटेचं सर्वांत मोठं फळ मुलींच्या पदरात पडलं असं मी मानतो. जिच्या घरात कोणी गवई नाही, जी रात्रीच्या मैफलीत गुरूमागे बसायला गावोगाव जाऊ शकत नाही, ती वर्गात जाऊ शकत होती, परीक्षा देऊ शकत होती आणि परीक्षेच्या निमित्ताने मंचावर बसू शकत होती. प्रभा अत्रे यांनी विज्ञान आणि कायद्याच्या पदव्या घेतल्या, सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे तालीम घेतली आणि पुढे एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. वीणा सहस्रबुद्धे यांच्यात तर ही सगळी वंशावळ एकत्र दिसते. वडील शंकर श्रीपाद बोडस हे विष्णु दिगंबरांचे शिष्य, कानपूरला जाऊन गाणं रुजवणारे. मुलीने विद्यापीठाची पदवी घेतली, मंडळाची अलंकार परीक्षा दिली, १९७२ साली आकाशवाणीची स्पर्धा जिंकली आणि नंतर स्वतः विद्यापीठात शिकवलं.

आकाशवाणीच्या उल्लेखाबरोबर मंचप्रदर्शनाचं आणखी एक भावंड समोर येतं : स्पर्धा. १९५४ साली दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला. आज जिल्ह्यापासून राष्ट्रीय पातळीपर्यंत युवक महोत्सवांची साखळी आहे, महाराष्ट्रात विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ आहे, आणि विभागाच्या वार्षिक अहवालात पदकांची यादी अभिमानाने छापली जाते. तो अभिमान रास्त आहे. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रांतातलं गाणं समोरासमोर ऐकायला मिळतं ते याच निमित्ताने. पण महोत्सवात शास्त्रीय गायनाला दहा मिनिटांच्या आसपास वेळ असतो. एवढ्यात आलापाला बसायला जागा मिळत नाही. दोन आवर्तनांत बढत आटोपून तानांकडे धावावं लागतं, आणि वर्षभर त्या दहा मिनिटांची तयारी केली की गळ्याला तीच सवय लागते. मंच जसा असेल तसं गाणं घडतं. म्हणून शिकणाऱ्याला कुठला मंच द्यायचा, हा अभ्यासक्रमातला गाभ्याचा प्रश्न आहे.

या मागोव्यातून मला जे दिसतं ते असं. जुन्या शिष्याला तीन गोष्टी मिळत होत्या : वारंवार मंचावर असणं, खरे श्रोते आणि गुरूचा निवाडा. विद्यापीठाने निवाडा घेतला, तो गुणांत मांडला, आणि त्याचं दार सर्वांना उघडलं. हे ऋण विसरता येणार नाही. मात्र पहिल्या दोन गोष्टी पुष्कळ ठिकाणी मागे राहिल्या. वर्षातून एकदाच, दोन परीक्षक आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर गायलेल्या विद्यार्थ्याला श्रोता म्हणजे काय हे कळत नाही. सूर लागला नाही तर पाच मिनिटं धीर कसा धरावा, तबलजीशी नजरेने कसं बोलावं, लोक चुळबुळायला लागले की बंदीश बदलावी की तीच खुलवावी, या गोष्टी त्याला त्या एका दिवसात शिकता येत नाहीत.

यावर उपाय शोधायला दूर जावं लागत नाही, तो या इतिहासातच आहे. विष्णु दिगंबरांनी जलसा लोकांसाठी उघडा ठेवला होता. विभागांनीही परीक्षेचं मंचप्रदर्शन गावासाठी खुलं करावं, आणि परीक्षेआधी दर महिन्याला प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी गायला बसवावं, कधी विभागात, कधी गावातल्या गायन समाजात, कधी देवळाच्या उत्सवात. पहिल्या वर्षाच्या मुलांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांमागे तानपुऱ्यावर बसावं. अध्यापकांनी स्वतः गावं आणि विद्यार्थ्याला मागे घ्यावं. यासाठी मोठा निधी लागत नाही. एक सतरंजी, दोन तानपुरे आणि ऐकायला येणारे लोक पुरतात. शिकणाऱ्याला मंचाचा हक्क मिळवून देण्यात कितीतरी आयुष्यं खर्ची पडली आहेत. तो हक्क वर्षातल्या एका दिवसापुरता ठेवणं त्या कष्टांना शोभत नाही.