वऱ्हाडातील कथापरंपरा आणि स्वभावाची पारख

वर्धा नदीच्या जवळचे, अमरावती जिल्ह्याच्या पूर्व कडेवरील धामणगाव आज रेल्वेच्या नावाने ओळखले जात असले, तरी मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचण्याच्या जवळजवळ सहा शतके आधीच या मुलखात गोष्टीच्या आधारे माणसाचा स्वभाव उलगडून दाखवण्याची एक शिस्तबद्ध रीत रुजली होती. ती रीत महानुभाव पंथाची होती आणि तिचे मोठे केंद्र याच जिल्ह्यातील रिद्धपूर हे होते.

इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले, तर केसोबासांनी स्वामींनी सांगितलेल्या ११४ कथा दृष्टांतपाठात एकत्र आणल्या. यातील प्रत्येक कथेला तीन अंगे आहेत: सूत्र म्हणजे स्वामींचे वचन, दृष्टांत म्हणजे ते वचन पटवणारी कथा आणि दार्ष्टान्तिक म्हणजे कथेतील कोण कशाच्या जागी आहे हे स्पष्ट करणारे केसोबासांचे विवरण. हा ग्रंथ मुलांसाठी नव्हे, प्रौढ साधकांसाठी होता हे खरे. पण त्यातील हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांच्या कथेत कोणालाही हट्टी किंवा मूर्ख असे विशेषण लावावे लागत नाही. प्रत्येकाच्या हाताला जे लागले तेच तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि तेवढ्यालाच पूर्ण मानतो. माणूस खरे बोलत असूनही चुकू शकतो, हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात कृतीतूनच येते.

स्वभाव असाच उलगडणारी याच मुलखातली दुसरी कथा रुक्मिणीची. वर्धेकाठचे कौंडण्यपूर हे परंपरेने रुक्मिणीचे माहेर मानले जाते, आणि महानुभाव कवयित्री महदंबेने चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या विवाहप्रसंगी गायिलेल्या धवळ्यांचा, म्हणजे विवाहगीतांचा, विषयही रुक्मिणीचेच लग्न हा आहे. घरच्यांनी ठरवलेले लग्न मोडण्यासाठी कृष्णाकडे निरोप धाडणाऱ्या मुलीला भीती वाटली नसेल काय, असे गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला विचारले की धैर्य म्हणजे भीतीचा अभाव नव्हे, हे ते आपणहून ओळखते. तिचा भाऊ रुक्मी दुष्ट की अभिमानी, हा प्रश्न त्याहून अवघड आणि म्हणूनच अधिक मोलाचा आहे.

छापील पुस्तकांनी या रीतीला वेगळे वळण दिले. सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके १८२८ मध्ये मुंबईत निघाली आणि मराठी मुलांसाठी वाचनाचे मोठे दालन उघडले, याचे श्रेय त्यांना द्यावेच लागते. तथापि इसापाच्या गोष्टींबरोबर तात्पर्य पाठ करून घेण्याची जी सवय पुढे शाळांत पडली, तिच्यामुळे कोल्हा कायमचा धूर्त आणि ससा कायमचा गर्विष्ठ ठरला, आणि ते तसे का वागले हे विचारण्याचे काम मागे पडले.

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीला असे तात्पर्य कधी चिकटले नाही, हे मुलांचे भाग्यच म्हणावे लागेल. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी बाळाचे एकेक काम सांगून त्याला बाहेरच थांबवते. ती निष्ठुर आहे, सावध आहे की खरोखरच कामात आहे, याचा निवाडा सांगणारा करत नाही. मुलाला तो चिमणीच्या उत्तरांवरून करावा लागतो, आणि भिजलेल्या कावळ्याच्या जागी स्वतःला ठेवले की तोच निवाडा बदलतो. बोलणे, कृती आणि परिस्थिती या तिन्हींवरून स्वभाव ताडण्याचा हा मुलाचा पहिला अभ्यास असतो.

या कथेचे जुने रूप लीळाचरित्रात आहे. परंतु महानुभावांच्या पोथ्या पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्याने शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकाला त्या बंदच राहिल्या. विसाव्या शतकात या लिप्यांचा उलगडा होऊन ह. ना. नेने यांच्यासारख्या संशोधकांनी लीळाचरित्र छापून प्रसिद्ध केले, तेव्हा चिमणी-कावळ्याची गोष्ट पोथीच्या आधाराविना आज्यांच्या तोंडून घरोघर पोहोचलेलीच होती.