माउसचा इतिहास : वेग, सोय आणि दोन हातांतील श्रमविभागणी

प्रस्तावना

संगणकावर दीर्घकाळ काम करणाऱ्यांच्या मनगटदुखीचे कारण सामान्यतः बसण्याच्या चुकीच्या पद्धतीत किंवा माउसच्या आकारात शोधले जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. माउस मुळात दोन्ही हातांनी करावयाच्या कार्यपद्धतीचा एक भाग होता. ती पद्धती मागे पडल्यावर एकाच हातावर अधिक भार आला, असे येथे प्रतिपादन आहे.

उगम व पहिले मापन

अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माउस तयार केला. लाकडी ठोकळा, त्याखाली परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके आणि वर एक कळ, असे त्याचे स्वरूप होते. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तौलनिक प्रयोगात लाइट पेन, जॉयस्टिक आणि गुडघ्याने चालविण्याचे साधन यांच्याबरोबर त्याची चाचणी घेण्यात आली. नवशिक्यांना गुडघ्याचे साधन व लाइट पेन अधिक जलद वाटले. सरावलेल्यांच्या बाबतीत मात्र माउस सरस ठरला. कळफलकावरून हात उचलून साधनापर्यंत नेण्यास लागणारा वेळही या प्रयोगात मोजला गेला होता, ही बाब महत्त्वाची आहे.

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झालेल्या प्रात्यक्षिकात एंगलबार्ट यांच्या उजव्या हाती माउस, तर डाव्या हाती पाच कळांचा लहान संच होता. या कळा एकत्रितपणे दाबून अक्षरे व आज्ञा देता येत. त्यामुळे उजव्या हाताला वारंवार कळफलकाकडे परतावे लागत नसे.

डाव्या हाताची माघार

हा कळसंच शिकण्यास कठीण होता. झेरॉक्सच्या १९८१ मधील ‘स्टार’ संगणकात तो नव्हता; तथापि प्रत काढणे, हलविणे अशा आज्ञांच्या कळा डावीकडे ठेवून त्या हाताला काही काम राखले होते. १९८३ च्या ॲपल ‘लिसा’मध्ये एकच कळ असलेला माउस आणि पडद्यावरील आज्ञासूची यांवर भर देण्यात आला. नवशिक्यांची मोठी सोय झाली. परंतु सूची उघडणे, निवड करणे, ओढून नेणे ही कामे मुख्यतः माउसच्या हाताकडे आली. त्यातच अंककळांचा संच कळफलकाच्या उजवीकडे असल्याने माउस शरीरापासून आणखी दूर गेला आणि खांदाही ताणला जाऊ लागला.

वेदनेचे मापन

१९७८ मध्ये कार्ड, इंग्लिश व बर यांनी माउसचा वेग पुन्हा सिद्ध केला; तेथेही मापन वेळेचे व चुकांचे होते. १९९९ मध्ये कीर, बाख व रेम्पेल यांनी मनगटातील मज्जातंतूच्या चिंचोळ्या मार्गातील दाब मोजला. माउसवर हात नुसता ठेवण्यापेक्षा क्लिक करताना व ओढताना तो अधिक आढळला. डेन्मार्कमधील २००३ च्या अभ्यासाने मात्र अतिरंजित भीतीला आवर घातला. संगणकवापर हा त्या मज्जातंतूच्या विकाराचा गंभीर धोका नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तथापि आठवड्यास २० तासांहून अधिक माउसवापराचा संभाव्य लक्षणांशी संबंध दिसून आला.

निष्कर्ष

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने माउसवर आणलेले चाक, नंतरचे प्रकाशीय माउस व उभे माउस यांनी हाताची सोय निश्चितच वाढविली. परंतु उपकरण बदलल्याने श्रमविभागणी बदलत नाही. परीक्षेच्या गुणांची नोंद करणारे प्राध्यापक उजव्या हाताने अंक टंकित करतात आणि पुढील रकान्यासाठी त्याच हाताने माउस धरतात. त्याऐवजी टॅब किंवा एंटर कळ वापरणे, नित्याच्या आज्ञा डाव्या हाताने कळफलकावरून देणे, अथवा सरावाने माउसच डावीकडे घेणे, हे उपाय विनाखर्चाचे आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी कामाचा वेग मंदावेल. परंतु माउसचे गुणही १९६७ मध्ये सरावलेल्या हातांनीच दाखवून दिले होते. म्हणून कार्यक्षमतेचे मोजमाप एका क्लिकच्या वेळेवर न करता, वर्षानुवर्षे काम करणाऱ्या हाताच्या आरोग्यावरून करणे अगत्याचे आहे.